काडेपेट्यांचा मेंदू

‘स्टार वॉर्स’ सिनेमातल्या आर२-डी२ या यंत्रमानवाच्या पोटात केनी बेकर नावाचा नट बसायचा. ब्रिटिश संशोधक डोनाल्ड मिकीच्या १९६१च्या यंत्रात कुणीच नव्हतं. ३०४ काडेपेट्या, रंगीत मणी. तरी ते फुली-गोळा शिकलं!

प्रत्येक पेटीवर पटाची एक स्थिती काढा. फिरवून किंवा आरशात सारख्या दिसणाऱ्या स्थितींना एकच पेटी. एक रंग म्हणजे एक घर. यंत्राच्या पहिल्या खेळीला प्रत्येक रंगाचे ४ मणी, मग पुढच्या खेळींच्या पेट्यांत ३, २, १. समोरच्या स्थितीची पेटी हलवून, न बघता मणी काढायचा आणि उघड्या पेटीसमोरच ठेवायचा, नाहीतर हिशेब चुकतो. जिंकलं तर मणी परत, वर त्याच रंगाचे ३, बरोबरीला १. हरलं की मणी जप्त. पहिल्या पेटीत (रिकाम्या पटावर कोपरा, कड, मध्य अशी तीनच वेगळी घरं) सुरुवातीलाच एकेक मणी टाकलात तर तीन हारींतच ती रिकामी पडू शकते.