मान्सून अंदमानात दाखल

२१ मे, रात्र

सातच्या बातम्यांत सांगितलं, मान्सून अंदमानात पोचला. मोठेबाबांनी लगेच बोटांवर हिशेब मांडला, तिथून आपल्याकडे यायला तीनेक आठवडे, म्हणजे मृगात पेरणी जमेल की नाही. आमच्या गावात अंदमान म्हणजे दोनच गोष्टी, सावरकरांची कोठडी आणि ही बातमी. गेल्या महिन्यात मी तिथेच होतो, सर्फिंगला, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवर स्वार व्हायला, हे घरात अजून कुणाला धड पचलेलं नाही.

"तेथं पाऊस पाहाले गेल्ता काय रे?"

"नाही मोठेबाबा, पाऊस यायच्या आत निघून आलो."

आता हे त्यांना कसं सांगायचं? ज्या नैर्ऋत्य वाऱ्याची आम्ही इथे डोळे लावून वाट पाहतो, त्याच वाऱ्याने तिथली लाट विस्कटते. सर्फिंगला लागणारी लाट तिथल्या वाऱ्याची नसतेच. ती हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, वादळांत जन्मते. दोन लाटांमध्ये पंधरा सेकंदांचं अंतर असेल, तर असा ताफा ताशी चाळीसेक किलोमीटरने सरकतो, दिवसाला साधारण हजार किलोमीटर. म्हणजे आपण जहाजात बसायच्या आधीच ती निघालेली असते.

लिटल अंदमान बेटावर जायला पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) जहाजाने हट बेला उतरायचं. पुढे मच्छीमाराची होडी. कुमारी पॉइंटचं नाव सर्फिंगवाल्यांना ठाऊक आहे. मी ज्या लाटेबद्दल लिहितोय ती वेगळी, आणि तिचं नाव इथेही लिहीत नाही.

पोहायला मी शिकलो आमच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. बोर्डवर उभं राहायला शिकलो चेन्नईत नोकरीला असताना, तिथून जवळच्या कोवलमच्या वाळूवर. वाळू सरकते, लाट आज इथे फुटते, उद्या तिथे. पडलात तर नाकातोंडात रेती, बाकी काही नाही. रीफ, म्हणजे पाण्याखालचा प्रवाळाचा खडक, जागची हलत नाही. खोल पाण्यातून आलेल्या लाटेला अचानक उथळ प्रवाळ लागतो, खालचं पाणी अडतं, वरचं तसंच पुढे जातं, आणि ठेच लागलेला माणूस कोलमडावा तशी ती पुढे पडते. लाटेच्या उंचीच्या सव्वापट पाणी उरलं की फुटलीच समजा. पुरुषभर लाटेखाली किती पाणी उरतं ते ज्याचं त्याने मोजावं.

फुटायच्या आधी ती खडकावरचं पाणी ओढून घेते. तेव्हा खालचा तपकिरी प्रवाळ स्वच्छ दिसतो, त्याच्या खाचांत बसलेले काळ्या काट्यांचे गोळेसुद्धा. नजर तिकडे गेली की पाय गेलेच.

आणि पाण्यात कुणी नाही! मी, चेन्नईचा मित्र आणि चॅनेलमध्ये, म्हणजे रीफच्या बाजूच्या खोल पाण्यात, होडी धरून बसलेला तो मच्छीमार. कोवलमला लाटेसाठी रांग, त्यावरून कुरबुरी, फुटणाऱ्या टोकाच्या सगळ्यात जवळ जो असेल त्याची लाट, हा नियम न पाळणाऱ्याला शिव्या. मला त्या गर्दीचा वैताग होता. पण कुठे बसायचं, कुठली लाट सोडायची, हे मी त्याच गर्दीकडे बघून शिकलो होतो, हे इथे कळलं. रिकाम्या रीफवर बघायला कुणी नसतं. आम्ही होडीतून बराच वेळ नुसतं पाहत बसलो. किनाऱ्यावरचा एक वाकडा माड आणि मागच्या झाडीतली खिंड एका रेषेत आली की तीच बसायची जागा, हे ठरवूनच पाण्यात उतरलो. ओहोटी लागताच बाहेर. कुणी बघत नसल्यामुळे धाडस वाढेल असं वाटलं होतं. उलट झालं, मी इतका जपून कधीच वागलो नाही.

खाडीच्या तोंडाकडे होडीवाल्याने फिरकूच दिलं नाही, खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात म्हणून. बेटाचा मोठा भाग ओंगे आदिवासींसाठी राखीव आहे, तिकडे बंदी, आणि ती असायलाच हवी. तिकडे कितीही सुंदर लाट फुटत असेल, फुटू दे.

टाचेला प्रवाळ लागला होता. साबणाने घासून कण काढले, तरी जखम रेंगाळली आहे. गावात सगळ्यांना वाटतं पऱ्हाटीचं धसकट लागलं. आई रोज हळद भरते, मीही काही बोलत नाही.

कोवलमचा एक पोरगा मेसेज करून जागा विचारतोय. चांगला पोहतो, पण रीफवर कधी उतरलेला नाही, आणि एकटा जायचं म्हणतोय. तिथे डोकं आपटलं तर मोठ्या दवाखान्यासाठी पुन्हा समुद्र ओलांडून पोर्ट ब्लेअर. नाव न सांगण्यात माझा थोडा स्वार्थ आहेच, नाही कशाला म्हणू. त्याला लिहायचं ठरवतोय, पुढच्या एप्रिलपर्यंत थांब, सोबत जाऊ. उद्या बियाणं आणायला दारव्ह्याला जायचंय, तिथे रेंज मिळते. तिथूनच पाठवतो.