ती आडवी होईना

मे महिना, दुपारचे दोन-सव्वादोन. डबा नुकताच उघडला होता, तेवढ्यात एमआरआय मशीनच्या कन्सोलवरच्या मुलाने दारातून डोकं आत घातलं. "मॅडम, पेशंट आडवीच होईना. घाबरतेय बहुतेक. झोपेचं इंजेक्शन देऊ या का?"

मशीनच्या बोगद्याला घाबरणारे रोज दोन-चार असतातच, म्हणून आधी मीही तेच धरून चालले. चिठ्ठी पाहिली. वय २४, सिझेरियनला अकरा दिवस, डोकेदुखी, सकाळी एक फिट, उजव्या बाजूला अशक्तपणा. 'एमआरआय ब्रेन, प्लेन.' सोबत आदल्या दिवशी दुसरीकडे काढलेला सीटी होता, नॉर्मल म्हणून रिपोर्ट झालेला.

आत गेले तर टेबलाच्या काठावर वाकून बसलेली, कानाला स्कार्फ घट्ट बांधलेला, उजवा हात मांडीवर कुणी ठेवून दिल्यासारखा पडलेला. तिची आई म्हणाली, "झोपवलं की जास्त ओरडते हो. तीन रात्री भिंतीला टेकून बसूनच काढल्या तिनं."

इथे मी थबकले. सिझेरियननंतर डोकं दुखलं की सगळे कमरेतल्या भुलीच्या इंजेक्शनला दोष देतात, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. सुईच्या भोकातून मज्जारज्जूभोवतीचं पाणी झिरपतं आणि डोकं धरतं. पण ते दुखणं उठून बसलं की वाढतं, आडवं झालं की उतरतं. हिचं नेमकं उलट. आडवं झाल्यावर वाढणारं डोकं म्हणजे कवटीत दाब चढलेला असण्याची शंका. त्यात बाळंतीण, फिट आणि एका अंगाला कमजोरी. मेंदूतलं अशुद्ध रक्त वाहून नेणारी मोठी शीर तुंबली असेल, तर हे सगळं एका धाग्यात बसत होतं.

झोपेचं इंजेक्शन नको म्हटलं. दाब वाढलेल्या पेशंटला गुंगी देणं म्हणजे विषाची परीक्षा. ज्या फिजिशियननी पाठवलं होतं त्यांना फोन करून व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचं चित्र, जोडून घेतली. मावशींच्या पिना-बांगड्या उतरवून त्यांना आत लेकीचे पाय धरून उभं केलं आणि तिला सांगितलं, "ताई, पाचच मिनिटं. मग बसवते." दोन टप्प्यांत स्कॅन करायचं ठरवलं. असं कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नाही.

पहिल्या टप्प्यात डिफ्यूजन आणि टी-टू, हे एमआरआयच्या चित्रांचे दोन प्रकार. टी-टूवर डाव्या मेंदूचा माथ्याजवळचा भाग सुजून पांढरा झालेला, मधोमध रक्तस्रावाचा डाग. धमनी बंद पडली की नुकसान तिच्या हद्दीत राहतं. ही सूज कुठल्याच धमनीची हद्द पाळत नव्हती. पण माथ्यावरून मागे जाणारी मोठी शीर मात्र काळीभोर, नेहमी दिसते तशी.

टी-टूवर वाहतं रक्त काळं दिसतं, कारण सिग्नल टिपेपर्यंत ते तिथून पुढे निघून गेलेलं असतं. म्हणून काळी शीर पाहिली की डोळा निर्धास्त होतो. गोम अशी, की पहिल्या चार-पाच दिवसांतली ताजी गुठळीही टी-टूवर काळीच दिसते. म्हणजे चोराने पोलिसाचाच गणवेश घातलेला. हीच पेशंट आठवड्याने आली असती तर टी-वन या आणखी एका प्रकारावर गुठळी पांढरी पडलेली असती आणि शिकाऊ मुलानेही बोट ठेवलं असतं.

तिला बसवलं. तिने दोन घोट पाणी मागितलं. आई पटकन म्हणाली, "घोटभरच हं." तेव्हा मी काही बोलले नाही.

दुसऱ्या टप्प्यात एसडब्ल्यूआय, रक्ताच्या खुणा टिपणारा प्रकार. ऑक्सिजन सोडून बसलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात गडबड करतं आणि हा सिक्वेन्स ती गडबड मोठी करून दाखवतो. पडद्यावर तीच शीर काठ सोडून फुगल्यासारखी काळी, तिला मिळणाऱ्या छोट्या शिरा ओल्या काळ्या दोऱ्यांसारख्या जाडजूड. मग व्हेनोग्राफी, तीही इंजेक्शनशिवाय, नुसत्या रक्ताच्या वेगावरून काढलेली. कपाळापासून मागे जाणारी चकचकीत कमान दिसायला हवी होती, तिथे अंधार. डावी आडवी शीरही गायब. ही डावी शीर पुष्कळांची जन्मतःच बारीक असते, त्यामुळे एकट्या व्हेनोग्राफीवर विसंबून तिला बंद ठरवू नये. इथे एसडब्ल्यूआयवर तिच्यातही गुठळी होती, म्हणून तसं लिहिलं.

मग डिफ्यूजन पुन्हा उघडलं. मेंदूचं नुकसान किती, हा खरा प्रश्न तिथे सुटतो. सुजलेला बराचसा भाग पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या एडीसीच्या नकाशावर उजळ होता, म्हणजे पाणी पेशींच्या बाहेर, मोकळं. शीर तुंबल्याने मागे साचलेलं, वाट मिळाली की ओसरणारं. पावट्याएवढा एकच तुकडा काळा होता, तिथे पेशीच फुगलेल्या. धमनीच्या झटक्यात असा तुकडा बहुधा गेलाच समजतात. शिरेच्या बाबतीत तोही कधीकधी परत येतो.

नवऱ्याने बाहेर विचारलं, "डोक्यात रक्त आलंय म्हणता आणि रक्त पातळ करायचं इंजेक्शन?" शंका रास्त होती. डॉक्टरांनाही ती वर्षानुवर्षं पडत होती. १९९१ साली जर्मनीतल्या अशाच अवघ्या २० रुग्णांच्या चाचणीत हेपारिन, म्हणजे रक्त पातळ करायचं औषध, मिळालेल्यांचं इतकं बरं झालं की चाचणी मध्येच थांबवली. रक्तस्राव तुंबल्यामुळे झालाय, तेव्हा आधी तुंबलेलं मोकळं करायचं, असं मी त्याला सांगितलं. ६२४ रुग्णांचा २००४ सालचा आंतरराष्ट्रीय अभ्यास आहे, त्यात ७९ टक्के पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले होते. तो आकडाही सांगितला.

मावशी भिंतीशी उभ्या होत्या. पाणी जास्त दिलं की बाळंतिणीचं पोट सुटतं, या समजुतीने त्या दिवसाला दोनच पेले देत होत्या, तेही उकळलेलं, आणि खोलीत शेगडी. मे महिन्यात! "माझ्यामुळं झालं का हो?" मी खरं ते सांगितलं. गरोदरपणापासून बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांपर्यंत रक्त तसंही गुठळीकडे झुकलेलं असतं, पाणी कमी पडलं की ते आणखी झुकतं. एकट्या पाण्याला दोष देता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी शेगडी आजच बंद करायला सांगितलं आणि रिपोर्ट लिहायला वळले. डबा संध्याकाळी तसाच घरी नेला.

तीन महिन्यांनी ती फॉलोअपला आली. हातात जोर आला होता, पाऊल किंचित ओढत होती. मोठी शीर बरीचशी उघडलेली. सूज गेलेली. पावट्याच्या जागी एसडब्ल्यूआयवर एक काळा ठिपका, तो आता कायमचा.

स्कॅनआधी कन्सोलवरचा मुलगा तिला समजवायला आत गेला आणि लगेच परत आला. "मॅडम, ती झोपलीय कधीची. विचारतेय, मशीन का सुरू करत नाही."