गाडी किती खाली घ्यायची? तुम्ही विचारलेत म्हणून

"गाडी थोडी खाली घ्यायची आहे, तर स्प्रिंग कोणत्या घेऊ, आणि चाके सतराची ठेवू की अठराची घालू?" स्पोर्ट्स कार बाळगणारी माणसे मला वर्षानुवर्षे हाच प्रश्न विचारत आली आहेत, आणि मी बहुतेक वेळा घाईत अर्धेच उत्तर देत आलो आहे. पूर्ण उत्तर द्यायचे तर प्रश्नाचा क्रम बदलावा लागतो, कारण स्प्रिंग आणि रिम ठरवण्याआधी एक आकडा हाताशी असावा लागतो: गाडी सपाट जागी स्थिर उभी असताना तिच्या चाकाला वर जाण्यासाठी किती मिलिमीटर मोकळी जागा उरलेली आहे. गाडी खाली घेताना आपण हीच जागा खर्च करत असतो.

माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मला हे ठाऊक नव्हते. गाडी 40 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग मी आणल्या, शॉकअब्सॉर्बर मूळचेच ठेवले आणि काही आठवडे त्या गाडीच्या रूपावर खूश होतो. मग एका लांब वळणावर, नेहमीच्याच वेगात, रस्त्यातला एक किरकोळ उंचवटा बाहेरच्या पुढच्या चाकाखाली आला आणि गाडी वळण सोडून सरळ बाहेर सरकली. समोरून कोणी येत नव्हते, म्हणून तेवढ्यावर निभावले. नंतर गाडी उचलून पाहिली तेव्हा पुढचे दोन्ही बम्प स्टॉप, म्हणजे सस्पेन्शन तळाला टेकताना धक्का झेलणारे रबरी तुकडे, चुरगळलेले होते. वळणात गाडी कलल्यामुळे बाहेरचे सस्पेन्शन आधीच जवळजवळ तळाला गेले होते. उंचवट्याने उरलेली जागा संपवली, चाकावरचा भार एकाएकी वाढला आणि टायरची पकड सुटली. ज्या गाडीला मी वळणासाठी अधिक चांगली केली असे समजत होतो, तिला मी वळणातच अधिक धोकादायक केले होते.

त्या दिवसानंतर मी एक साधे गणित मांडले आणि आजही ते प्रत्येकाला सांगतो. समजा, मूळ उंचीवर चाकाला वर जायला 80 मिलिमीटर जागा आहे आणि तुम्ही गाडी 30 मिलिमीटर खाली घेतली. आता 50 उरले. खड्ड्याचा किंवा उंचवट्याचा तोच धक्का 50 मिलिमीटरमध्ये जिरवायचा असेल, तर स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबल्या गेलेल्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे, स्प्रिंग 80 भागिले 50 या गुणोत्तराच्या वर्गाइतकी, म्हणजे जवळपास 2.56 पट कडक हवी. बाजारात मिळणाऱ्या आखूड स्प्रिंग सहसा मूळ स्प्रिंगपेक्षा वीस-तीस टक्केच कडक असतात, कारण त्याहून कडक केल्या तर रोजच्या वापरात माणूस कंटाळेल. मधली तफावत बम्प स्टॉपच्या वाट्याला येते. चांगले बम्प स्टॉप हळूहळू घट्ट होत जातात आणि थोडे काम निश्चितच करतात, पण त्यांना दुसरी स्प्रिंग म्हणून राबवणे योग्य नाही. हेच गणित गाडी 20 मिलिमीटरच खाली घेतली असे धरून केले तर 1.78 पट हे उत्तर येते. या दोन आकड्यांतला फरक पाहिला की मी 20 ते 25 मिलिमीटरच्या पुढे जायला एवढा का कचरतो, ते लक्षात येईल.

एवढी जागा देऊन काय मिळते, हेही प्रामाणिकपणे मोजले पाहिजे. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो. 2012 साली आलेल्या टोयोटा 86 या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे 460 मिलिमीटरवर असल्याचे कंपनीने सांगितले होते, आणि तो मुळातच खूप खाली आहे. ती गाडी 25 मिलिमीटर खाली घेतली तर भाराचे हे स्थलांतर साडेपाच टक्क्यांच्या आसपास कमी होते. हा लाभ खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. मात्र टायरचा दर्जा बदलल्याने पकडीत पडणारा फरक त्याहून सहज मोठा असू शकतो. म्हणून ज्यांच्या गाडीवर अजून जुने, कडक झालेले टायर आहेत त्यांना मी आधी टायर बदलायला सांगतो आणि स्प्रिंगचा विषय तेवढ्यापुरता बाजूला ठेवतो.

याच गाडीचे उदाहरण पुढे नेण्यासारखे आहे, कारण तिला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (खाली एक आर्म आणि वर स्प्रिंगसह उभा शॉकअब्सॉर्बर) आहे आणि मागे डबल विशबोन (वर आणि खाली असे दोन आर्म), आणि खाली घेतल्यावर ही दोन सस्पेन्शन एकमेकांपेक्षा वेगळी वागतात. मॅकफर्सन पद्धतीत चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा आर्म चाकाकडे किंचित उतरता असतो तोपर्यंत चाक वर जाताना थोडा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणे) मिळत राहतो आणि कललेल्या गाडीतही टायर रस्त्यावर बऱ्यापैकी सपाट टेकतो. गाडी खाली गेली की हा आर्म आडवा होतो, आणखी खाली घेतली तर चाकाकडे चढता होतो, आणि मग चाक वर जाताना कॅम्बर उलट दिशेला जाऊ लागतो. त्याच वेळी रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडीचा तो भाग कलतो असे मानतात तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त अंतराने खाली घसरतो. या दोन बिंदूंमधले अंतर हाच गाडी कलवणारा दांडा आहे. तो लांबला की गाडी दिसायला खाली असूनही, स्प्रिंग त्या प्रमाणात कडक नसतील तर, पूर्वीपेक्षा अधिक कलू शकते. माझ्या पहिल्या गाडीत हेच झाले होते आणि जागा इतक्या लवकर संपण्याचे अर्धे कारण हे होते.

स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या टाय रॉडचेही तसेच आहे. टाय रॉड आणि खालचा आर्म यांची टोके ज्या कमानींतून फिरतात त्या मूळ उंचीवर एकमेकींशी जुळवलेल्या असतात. उंची बदलली की चाक वर-खाली होताना आपोआप थोडे वळू लागते, आणि खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग स्थिर धरले तरी गाडी दिशा शोधत राहते. लांब मानेचे बॉल जॉइंट आणि बदललेले टाय रॉड एंड लावून हे दोन्ही दोष बरेच सुधारता येतात, आणि ज्यांना 30 मिलिमीटरच्या पुढे जायचेच आहे त्यांनी हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा. मागच्या डबल विशबोनमध्ये गाडी खाली घेतल्यावर निगेटिव्ह कॅम्बर वाढतो आणि टो, म्हणजे वरून पाहता चाक किती आत किंवा बाहेर वळलेले आहे तो कोन, देखील बदलतो. टायरची आतली कड झिजली की लोक कॅम्बरला दोष देतात, पण चुकीचा टो टायर त्याहून कितीतरी लवकर खातो. म्हणून अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) कागदावर मी आधी टोचा आकडा पाहतो.

आता स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर. या दोघांचा विचार मी कधीही वेगळा करत नाही. स्प्रिंग किती कडक आहे यापेक्षा तिच्यावर बसलेली गाडी एका सेकंदात किती वेळा वर-खाली होऊ पाहते, हा आकडा अधिक बोलका असतो. आरामशीर प्रवासी गाडीत तो 1 ते 1.5 हर्ट्झच्या दरम्यान असतो, तर रस्त्यावर वापरायच्या स्पोर्ट्स कारमध्ये 1.5 ते 2 च्या दरम्यान. एका चाकावर स्प्रिंगने पेललेले वजन 300 किलो असेल आणि चाकापाशी मोजलेला कडकपणा मिलिमीटरला 30 न्यूटन असेल, तर उत्तर 1.6 हर्ट्झच्या जवळ येते. तो कडकपणा 45 केला तर 1.95 येते. त्याच्या पुढची गाडी गुळगुळीत ट्रॅकवर छान वाटेल, पण साध्या रस्त्यावर चाक जमिनीला चिकटून राहण्याऐवजी उडू लागेल.

इथे "चाकापाशी" हा शब्द महत्त्वाचा आहे. मॅकफर्सनमध्ये स्प्रिंग जवळजवळ चाकाइतकीच हलते. डबल विशबोनमध्ये ती आर्मवर आतल्या बाजूला बसत असल्यामुळे चाक 10 मिलिमीटर हलले तर स्प्रिंग कदाचित 7 मिलिमीटरच हलते, आणि या गुणोत्तराचा वर्ग होत असल्याने मिलिमीटरला 6 किलोची स्प्रिंग चाकापाशी 3 किलोपेक्षाही कमी भरते. पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगचे छापील आकडे शेजारी ठेवून "पुढचे मऊ वाटतात" असा निष्कर्ष काढणारे लोक म्हणूनच फसतात. पुढच्या-मागच्या मेळाविषयी मॉरिस ऑली या अभियंत्याने 1930च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करताना दाखवून दिलेली गोष्ट आजही उपयोगी आहे: उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, म्हणून मागची बाजू किंचित जास्त वारंवारतेची ठेवली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी डुलत न राहता सपाट स्थिरावते. ट्रॅकवरची गणिते वेगळी असतात, पण रस्त्यावरच्या गाडीसाठी मी याच विचाराला धरून असतो.

स्प्रिंग दीडपट कडक केली तर तितक्याच प्रमाणात तिला आवरण्यासाठी शॉकअब्सॉर्बरचा जोर सुमारे 22 टक्के वाढायला हवा, कारण तो कडकपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. मूळ शॉकअब्सॉर्बर एवढे सहसा देऊ शकत नाही. शिवाय आखूड स्प्रिंगमुळे त्याचा दांडा कायम खालच्या पट्ट्यात काम करत राहतो. म्हणून एकमेकांसाठी तयार केलेली जोडी घ्यावी. उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर यांचा एकत्र संच) घेणार असाल, तर उंची कशी बदलते हे दुकानातच विचारून घ्या. काहींमध्ये स्प्रिंगची बैठक खाली सरकते आणि गाडी खाली जाताना शॉकअब्सॉर्बरची जागा कमी होते. काहींमध्ये खालचा आटेदार भाग फिरवून संपूर्ण नळीची लांबी बदलते आणि आतली जागा जशीच्या तशी राहते. दुसरा प्रकार मला नेहमीच अधिक पसंत आहे. मात्र त्यातही टायर आणि मडगार्ड यांमधले अंतर कमी होतेच, आणि आर्मचे कोन बदलतातच.

चाकांच्या बाबतीत माझे मत अनेकांना आवडत नाही: ब्रेक कॅलिपरला पुरेशी जागा सोडणारे सर्वांत लहान आणि हलके चाक मला सर्वांत चांगले वाटते. 1989 साली आलेल्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-5 वर 185/60 आर14 टायर होते (रुंदी 185 मिलिमीटर, बाजूची भिंत त्याच्या 60 टक्के, रिम 14 इंची), त्यांचा व्यास 577.6 मिलिमीटर. त्यांच्या जागी 195/50 आर15 घातले की व्यास 576 भरतो, म्हणजे गिअर आणि स्पीडोमीटर यांना जवळपास पत्ताही लागत नाही; टायर थोडा रुंद होतो आणि बाजूची भिंत 111 वरून 97.5 मिलिमीटरवर येते. बदल असा नेमका असावा. याउलट 225/45 आर17 वरून 225/40 आर18 वर गेलात तर व्यास जुळतो, पण रुंदी तीच राहते, भिंत 101 वरून 90 मिलिमीटर होते आणि रिमचे वजन केंद्रापासून आणखी दूर जाते. टायरची भिंत ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे. सस्पेन्शनची जागा कमी करायची आणि त्याच दिवशी ही स्प्रिंगही आखूड करायची, असा दुहेरी खर्च मी कोणालाही सुचवत नाही.

ऑफसेटचे, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणारा भाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे त्याचे, गणित कागदावर करून मगच पैसे द्यावेत. 7.5 इंच रुंद, 45 ऑफसेटच्या रिमऐवजी 8.5 इंच रुंद, 35 ऑफसेटची रिम घेतली, तर रुंदीतल्या वाढीचे निम्मे, म्हणजे 12.7, आणि ऑफसेटचे 10 मिळून रिम 22.7 मिलिमीटर बाहेर येते. आतल्या बाजूला मात्र ती 2.7 मिलिमीटरच सरकते. बाहेर आलेले चाक मडगार्डला घासण्याची भीती तर असतेच, शिवाय बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि रस्त्याचे हादरे स्टिअरिंगमध्ये जास्त जाणवू लागतात. पीसीडी (नटांची छिद्रे ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) जुळणे, मधल्या छिद्राचा व्यास हबवर नेमका बसणे किंवा त्यासाठी योग्य रिंग असणे, नटची बैठक शंकूच्या आकाराची आहे की गोल हे पाहणे आणि रिमवर छापलेली भारक्षमता तपासणे, या गोष्टींना पर्याय नाही. त्या विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर सोडू नयेत. उंची आणि चाकांचे बदल तुमच्या नोंदणीच्या व विम्याच्या नियमांत बसतात का, तेही आधीच पाहावे.

जागा मोजण्याची माझी रीत साधी आहे. शॉकअब्सॉर्बरच्या दांड्यावर एक प्लॅस्टिकचा केबल टाय ढकलला तर सरकेल इतपत घट्ट बांधून तो नळीपर्यंत खाली सरकवून ठेवतो, नेहमीच्या रस्त्यांवर नेहमीसारखी गाडी चालवतो आणि परत आल्यावर तो टाय किती वर ढकलला गेला ते मोजतो. टाय आणि बम्प स्टॉप यांच्यामध्ये जे अंतर शिल्लक आहे, तेवढेच तुमच्याकडे खर्चाला आहे. मात्र दांड्यावरचे हे माप चाकापाशी किती भरते, ते वर सांगितलेल्या गुणोत्तराने काढून घ्यावे लागते.

नवीन स्प्रिंग बसवताना आर्मच्या सांध्यांतले रबर बुश गाडी स्वतःच्या वजनावर, चाकांवर उभी असतानाच आवळून घ्या. हवेत लटकलेल्या स्थितीत आवळले तर ते कायमचे पिळलेले राहतात, गाडी पूर्ण खाली बसत नाही आणि बुश लवकर फाटतात. काही शे किलोमीटर चालवल्यावर स्प्रिंग थोड्या स्थिरावतात, तेव्हा अलाइनमेंट पुन्हा करा, चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि हेडलाइटचा रोखही बघा. आणि पुढच्या वेळी मला विचाराल तेव्हा चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची, केबल टायने दाखवलेले अंतर आणि सध्याच्या रिमचा ऑफसेट लिहून पाठवा. एवढे आकडे मिळाले की कोणत्या स्प्रिंग घ्याव्यात, याचे उत्तर मी त्याच दिवशी देऊ शकेन.