सावर्डे ते रायबंदर, पंचांग बघून

गोव्यातल्या नद्यांमधून कॅनूने (वल्ह्याच्या निमुळत्या होडीने) तीन दिवस जायचं म्हणून कालनिर्णयाचं पान फाडून मी प्लास्टिकच्या पिशवीत घातलं तेव्हा हा, माझा होडीतला जोडीदार, हसला होता. मोबाइलमध्ये नकाशा आहे, भरतीचं वेळापत्रक आहे, तिथी कशाला हवी तुला? रायबंदरला पोचेपर्यंत तेच पान सगळ्यात जास्त वेळा बाहेर निघालं.

मार्ग असा ठरवला होता: सावर्ड्याला झुआरी नदीत उतरायचं, शिरोडा, बोरी, दुर्भाट करत मडकईपर्यंत खाली यायचं, तिथून कुंभारजुव्याच्या कालव्यातून मांडवी नदीत शिरायचं आणि दिवाडी बेटाला उत्तरेकडून वळसा घालून रायबंदर गाठायचं. दोघांची एकच कॅनू. सुकाणू माझ्याकडे, म्हणजे मागची बैठक माझी. हे आधीच ठरवून घ्या. पाण्यात जागा बदलता येत नाही आणि भांडण मात्र होतं.

वेंगुर्ल्याला आजोळी शिकलेली रीत आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. गोव्यात पाणी त्याच्या थोडं आधी भरतं, म्हणून नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या तक्त्यातूनच घ्यावी. वर सावर्ड्याकडे हीच भरती बऱ्याच उशिरा पोचते, तेही धरा. पण कुठले दिवस निवडायचे ते तिथी सांगते. आम्ही पौष शुद्ध एकादशी ते त्रयोदशी घेतली. अष्टमीची भांग (सगळ्यात कमी चढउताराची भरती) सरलेली, पौर्णिमेचं उधाण अजून यायचं, आणि सकाळी उजाडल्यावर भरती संपून ओहोटी लागते. म्हणजे अर्धं काम नदी करते. ओहोटीबरोबर आम्ही ताशी सहा-सात किलोमीटर जात होतो. उलट पाण्यात तेवढ्याच घामाला जेमतेम दोन.

पहिला दिवस म्हणूनच सोपा गेला. सावर्ड्याला नदी अरुंद आहे, दोन्ही काठांना झाडी. बोरीच्या पुलाखालून गेलो की ती रुंद होत जाते आणि दुपारी समुद्रावरचा वारा थेट तोंडावर येतो. बाराच्या आत जेवढं अंतर काढाल तेवढंच खरं. उपवास असल्यामुळे डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. ती वल्हं मांडीवर आडवं ठेवून खाता येते, हा एकादशीचा अनपेक्षित फायदा.

दुर्भाटला ओळखीच्या घरी राहिलो. तिथल्या आजींनी मांगे थापणीबद्दल सांगितलं: पौष अमावास्येला खाजन शेतात (खारं पाणी बांधाने अडवून केलेल्या नदीकाठच्या शेतात) चिखलाची मगर करतात आणि तिची पूजा करतात. बांध फुटू नये, मगरीने माणसाला आणि गुरांना सांभाळून राहावं, म्हणून. आजी अगदी सहज बोलत होत्या, शेजाऱ्याशी असलेल्या व्यवहाराबद्दल बोलावं तसं. ऐकत बसलो, उशिरा झोपलो, आणि उशिरा उठलो. इथेच चुकलं.

कुंभारजुव्याचा कालवा सुमारे १५ किलोमीटर लांब, झुआरी आणि मांडवीला जोडणारा. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा होतो तेव्हा खनिजाचे बार्ज याच वाटेने मुरगावला जात. त्याची गंमत अशी की भरतीचं पाणी दोन्ही तोंडांनी आत येतं आणि ओहोटीला दोन्ही तोंडांनी बाहेर पडतं. त्यामुळे झुआरीकडून भरती संपायच्या दीड तास आधी शिरायचं, मध्यावर पाणी स्थिर व्हायच्या वेळी पोचायचं आणि पुढे ओहोटी तुम्हाला मांडवीत नेऊन सोडते. हे सगळं मला माहीत होतं. तरीही आम्ही तोंडाशी साडेनऊला पोचलो, ओहोटी लागल्यावर. काठावर जाळं सोडवत बसलेल्या एका काकांनी विचारलं, "बाय, सुकती लागल्या, आतां खंय वतात?" सुकती म्हणजे ओहोटी, खंय वतात म्हणजे कुठे जाता. ह्याने "वचूं हळूहळू" असं उत्तर दिलं. पुढचा पाऊण तास आम्ही एकाच माडाशेजारी होतो.

शिवाय ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्याच्या उन्हात मगरी नेमक्या त्याच चिखलावर येऊन पडतात. गोड्या पाण्यातली ही जात इथे खाऱ्या पाण्यात रुळली आहे. आम्हाला तीन दिसल्या. दोन हलल्याही नाहीत, तिसरी आमच्या बाजूने पाण्यात सरकली. त्यानंतर बाणस्तारीपर्यंत आम्ही कमालीचे एकमताने वल्हवत होतो. चिखलाच्या काठावर उतरू नका, हात पाण्यात सोडून बसू नका, अंधारात कालव्यात राहू नका. पायउतार व्हायचं ते बांधीव धक्क्यावरच. आणि मुक्काम दुर्भाटला न करता मडकईला करा, म्हणजे पहाटेची धावपळ वाचते.

मगरीपेक्षा मला भीती वाटली ती मानशीची. खाजनाच्या बांधातल्या झडपांना मानस म्हणतात. ओहोटीला त्यातून शेतातलं पाणी जोरात बाहेर पडतं, तोंडाशी जाळी लावलेली असतात, आणि भरतीला झडप उघडी असली तर पाणी आतही ओढलं जातं. दुरून ती साधी मोरी दिसते. तिच्यापासून लांब राहा.

करमळीचं तळं आम्ही काठावरूनच पाहिलं. कॅनू बाणस्तारीला ओळखीच्यांकडे ठेवून रिक्षाने गेलो. अडई, जांभळ्या पाणकोंबड्या, पानांवरून चालणारे कमळपक्षी, पलीकडे कोकण रेल्वे. तिथे होडी घालायचा मोह नको, पक्षी उठतात. तसंच चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात वल्हवायचं असेल तर आधी वन खात्याला विचारा.

तिसऱ्या दिवशी चूक सुधारली. ओहोटी लागताना कुंभारजुव्याहून निघालो आणि नार्व्याच्या फेरीधक्क्याला फारशी वल्ही न मारता लागलो. इथला देव सप्तकोटेश्वर मूळचा नदीपलीकडचा, दिवाडीवरचा. इथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. दर्शन घेतलं, पण घाईत, कारण पाणी थांबत नाही.

पुढे दिवाडी आणि चोडण यांच्यामधला पट्टा सगळ्यात सुंदर: कांदळवन, शांतता, आणि सामान कमी झाल्यामुळे हलकी कॅनू. सामानात सर्वात जड पिण्याचं पाणी असतं. माणशी रोज चार लिटर धरा, सगळीकडे पाणीच पाणी असलं तरी ते खारट आहे. लाइफ जॅकेट काठाजवळही अंगातच ठेवा.

रायबंदरला फेरीबोटीला आडवे जाऊ नका; ती वळली की लाट बाजूने येते. धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो. मी नीट उतरले. हा मोबाइल वाचवायला गेला आणि गुडघाभर मांडवीत बसला. पिशवीतलं कालनिर्णयाचं पान कोरडं होतं.