हायड्रोक्लोरोथायाझाइड म्हणता म्हणता

बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणायला गेलो आणि डॉक्टरची चिठ्ठी घरीच विसरलो. खिशात दोन गोळ्यांचा तुकडा तेवढा होता. मेडिकलवाले पट्टी कापतात ती नेमकी नावावरून! माझ्या तुकड्यावर नावाचं शेपूट उरलेलं: '...रोथायाझाइड 12.5'.

आईला फोन लावला. ती रिकाम्या पट्टीवरून वाचायला लागली, "हायड्रो... क्लोरो... पुढचं तूच बघ बाबा."

काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "हेसर हेळ्री." म्हणजे नाव सांगा. बेळगावात बाजार करण्याइतकं कानडी मला येतं, पण हे नाव ना मराठी ना कानडी. "हायड्रो... क्लोरोझाइड," मी म्हटलं.

"हायड्रॉक्सीक्लोरोक्विन? कोरोनातली?" असं म्हणून त्यानं पट्टी काढून ठेवलीसुद्धा. ती गोळी मलेरियाची, संधिवाताची; बीपीशी तिचा काय संबंध! माझा तुकडा पुढं केला तर त्यानं त्याकडं नीट बघितलंही नाही. मागच्या मावशी म्हणाल्या, "चिठ्ठी आणायची न्हवं?" खरंच होतं, म्हणून जास्तच झोंबलं. हात हलवत परत आलो.

संध्याकाळी शेजारची बी.फार्म करणारी पोरगी हसली आणि कॅलेंडरच्या पाठीवर देवनागरीत तुकडे पाडून दिले. म्हणायचं मात्र शेवटाकडून: झाइड, अझाइड, थायाझाइड, मग क्लोरो, मग हायड्रो. पाढे घोकावे तसं घोकलं. हायड्रो म्हणजे हायड्रोजन, क्लोरो म्हणजे क्लोरीन, 'थाय' गंधकाचा. एवढं कळल्यावर नाव आपोआप तोंडात बसलं. शेवटं ओळखायलाही तिनंच शिकवलं: 'सार्टन' बीपीचं, 'स्टॅटिन' कोलेस्टेरॉलचं, 'प्राझोल' अॅसिडिटीचं. आईची पँटोप्राझोल त्यातलीच.

हां, आणि पट्टी कापताना नाव असलेली बाजू आपल्याकडं मागून घ्या, नाहीतर अख्ख्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. उच्चार जुळला तरी स्पेलिंग आणि मिलिग्रॅम ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी खिशात होती, तरी आधी गोळीतल्या दोन्ही औषधांची नावं तोंडानंच म्हटली, एका दमात, "टेल्मिसार्टन चाळीस, हायड्रोक्लोरोथायाझाइड साडेबारा!"

पोरानं मान वरसुद्धा केली नाही. आत त्याच गोळीचं आखूड नाव ओरडला, "टेल्मी एच, नलवत्तु (चाळीस)!"