एक्सपीला ५१२ एमबी पुरे

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब बघते. जीएसटीचं सगळं टॅलीत, पण शेतकऱ्याची हिशेबपट्टी निघते ती फॉक्सप्रोत लिहिलेल्या एका जुन्या डॉस प्रोग्रॅममधून (डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, काळ्या पडद्यावरची सिस्टिम). नाव, पोती, वजन, सौद्यातला दर टाकायचा, हमाली-तोलाई वजा होते आणि पट्टी छापून बाहेर. ज्याने तो लिहिला त्याने हा धंदा केव्हाच सोडला. नवीन सॉफ्टवेअर घ्यायला शेठ नाही म्हणत नाहीत. पण हंगामाच्या तोंडावर नको म्हणतात, आणि हंगाम संपला की विषय कुणालाच आठवत नाही.

हा प्रोग्रॅम विंडोज एक्सपीच्या एका जुनाट मशीनवर चालायचा. त्याचा मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क शाबूत होती, डेटाची रोजची कॉपीही होती. मग प्रोग्रॅमचा फोल्डर उचलून टॅलीच्या कॉम्प्युटरवर टाकला. हा इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम (चालू काम ठेवायची मेमरी), ६४-बिट विंडोज १०. डबल क्लिक केलं तर ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’. त्यात नवल नव्हतं. डॉसचे १६-बिट प्रोग्रॅम चालवणारा भाग ६४-बिट विंडोजमध्ये ठेवलेलाच नाही.

पर्याय तीन होते. पहिला, डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स प्रोग्रॅम. ते मुळात गेमसाठी बनवलेलं. त्यात छपाईची सोय नाही आणि पैशाच्या नोंदींच्या फाइली त्याच्या भरवशावर ठेवायला माझं मन धजेना. दुसरा, त्याच मशीनवर ३२-बिट विंडोज १० टाकायचं. त्यात डॉसचा तो भाग मिळतो, पण मेमरीच्या प्रत्येक बाइटला पत्ता लागतो आणि ३२-बिट पत्त्यांमध्ये बसतात ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे ४ जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि इतर हार्डवेअर घेतं, हातात साडेतीनच्या आतबाहेर उरतं. पुढे कितीही रॅम बसवा, ती दिसणारच नाही. शिवाय विंडोज ११ची ३२-बिट आवृत्ती निघालीच नाही, म्हणजे तो रस्ता पुढे बंद. तिसरा पर्याय व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत प्रोग्रॅमने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर: विंडोज १०च्या पोटात एक्सपी. मी त्याच्या बाजूने होते, कारण अख्खं एक्सपी एका फाइलीत राहतं आणि ती फाइल उचलून दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर नेता येते.

दुकानाचे कॉम्प्युटर बघणारा पोरगा आला. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू केलं, असं मशीन उभं करणारं व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, एक्सपी चढवलं. एक्सपीला किती मेमरी द्यायची तो पडद्यावरचा दांडा सरकवायची वेळ आली तेव्हा त्याने तो २ जीबीवर नेला. म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणे, “ताई, जास्त दिल्यावर फास्टच चालणार की ओ.” त्या दांड्याखाली हिरवा पट्टा असतो, मग केशरी, मग लाल. लाल नव्हतं म्हणून तो निर्धास्त.

प्रोग्रॅम चालला. शेठांनी पेढे मागवले, अगदी साताऱ्याचे कंदी. दुसऱ्या दिवशी सौदे सुरू झाले, टॅली उघडी, क्रोममध्ये जीएसटीचं पोर्टल आणि बँकेचं पान उघडं, आणि आत एक्सपी. सगळं गोगलगाय झालं. टॅलीत एक एंटर मारला की हार्ड डिस्कचा लाल दिवा पेटायचा तो विझायचाच नाही. गंमत अशी की एक्सपीतला प्रोग्रॅम बऱ्यापैकी चालत होता. गुदमरत होतं ते बाहेरचं विंडोज.

पोरगा फोनवर म्हणाला, रॅम वाढवा. वाढवायचीच होती, पण आहे ती कुठे जाते हे बघितल्याशिवाय शेठांकडे पैसे मागायची माझी तयारी नव्हती. कोण किती मेमरी खातं ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला. मेमरी ९० टक्क्यांच्या वर, डिस्क १००. पण यादीतल्या प्रोग्रॅमपुढच्या आकड्यांची बेरीज मारली तर ती भरेना. हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला न जुळणारी बेरीज सोडवत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या नावापुढे तर किरकोळ आकडा होता. मग मायक्रोसॉफ्टचंच रॅममॅप नावाचं फुकट मिळणारं साधन चालवलं. त्यात ‘ड्रायव्हर लॉक्ड’ नावाची एक ओळ असते, तिच्यापुढे जवळजवळ २ जीबी. तिथे बेरीज जुळली.

व्हर्च्युअल मशीनसाठी लागणारी मेमरी व्हर्च्युअलबॉक्स आपल्या ड्रायव्हरमार्फत घेतं आणि ती जागेवर कुलूपबंद करतं. रॅम कमी पडली की विंडोज तिचे तुकडे, म्हणजे पानं, डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये हलवतं, पण ही मेमरी त्याला हलवता येत नाही. आणि आतल्या विंडोजला, म्हणजे एक्सपीला, एक सवय आहे: रिकामी पानं मोकळ्या वेळात शून्याने पुसून ठेवायची. पुसायला हात लावला की ते पान बाहेरून मागवलं जातं. त्यामुळे आत कुणी काही वापरत नसलं तरी थोड्या वेळात दिलेली सगळी मेमरी अडकते. आमच्याकडे हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती, २००५च्या पुरात त्यातली बरीच गेली. एकदा पेव कुणाच्या नावावर लागलं की ते अर्धं रिकामं असलं तरी दुसऱ्याची हळद त्यात पडत नसे. तसाच हा प्रकार.

म्हणजे ४ जीबीतून थोडी ग्राफिक्सने घेतली, २ एक्सपीने. उरलेल्या पावणेदोन जीबीत विंडोज १०, अँटीव्हायरस, टॅली आणि क्रोम. मावत नाही म्हणून विंडोज हलवता येणारी पानं डिस्कवर टाकत होतं आणि लगेच परत आणत होतं. फिरती हार्ड डिस्क म्हणजे रॅमच्या तुलनेत फारच संथ.

मग एक्सपीच्या आत जाऊन तिथला टास्क मॅनेजर बघितला. फॉक्सप्रो चालू, पट्टी उघडी, आणि वापर दीडशे एमबीच्या आसपास! एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टने किमान ६४ आणि शिफारस म्हणून १२८ एमबी सांगितले होते, हे आम्ही विसरूनच गेलो आहोत. आणि डॉसच्या प्रोग्रॅमला तर त्यातलंही फारसं दिसत नाही. काळ्या खिडकीत ‘मेम’ हा आदेश दिला की पहिल्याच ओळीत ६,५५,३६० बाइट येतात, म्हणजे ६४० केबी. मशीनला २५६ एमबी द्या नाहीतर २ जीबी, ती ओळ बदलत नाही. (विंडोज ९८ची तर आणखी तऱ्हा: १ जीबीच्या वर रॅम दिली की ‘मेमरी अपुरी’ म्हणून ते सुरूच व्हायला तयार नसायचं.) पोराने दिलेली जास्तीची मेमरी आमच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नव्हती.

एकदा प्रोग्रॅमनेही तक्रार केली होती, वर्षाचा खतावणी रिपोर्ट काढताना, आणि पोराने तीही मेमरीच्या खात्यावर घातली होती. नीट वाचलं तर संदेश होता ‘फार फाइली उघड्या आहेत’. एक्सपीच्या सिस्टिम३२ फोल्डरात कॉन्फिग डॉट एनटी नावाची फाइल असते, त्यात फाइल्सची मर्यादा ४० असते. ती वाढवली, रिपोर्ट निघाला.

आता ५१२ करायचं ठरवलं, तर दांडा हलेना, राखाडी. आम्ही रोज संध्याकाळी खिडकी बंद करताना ‘स्थिती जतन करा’ निवडायचो, कारण सकाळी प्रोग्रॅम होता तिथे उघडतो. पण अशा झोपवलेल्या मशीनची मेमरी बदलता येत नाही, कारण आतल्या रॅमची छबी डिस्कवर फाइल करून ठेवलेली असते आणि उघडताना तेवढीच जागा लागते. एक्सपी आतून रीतसर शटडाउन केलं, मगच दांडा सरकला. आणि २ जीबीची ती छबी डिस्कवर लिहायला-वाचायला जो वेळ जायचा तोही वाचला. २५६वरही ठेवून बघितलं, चाललं. पण छपाईच्या वेळी जरा अंगावर आल्यासारखं वाटलं म्हणून ५१२.

एका पैशाचा खर्च न करता टॅली परत हलायला लागली. क्रोम उघडलं की अजून दम लागायचा, म्हणून मग रॅमचं मनावर घेतलं.

या बोर्डावर दोनच स्लॉट आणि दोन्ही मिळून १६ जीबीची मर्यादा. एकात ४ होती, दुसरा मोकळा. त्याला डीडीआर-थ्री जातीची रॅम लागते, ती आता बहुतेक जुनीच मिळते. विश्रामबागेतल्या एका दुकानातून ८ जीबीची स्टिक आणली, बसवली, तर पडद्यावर काहीच नाही, नुसती शिटी. दुकानदार म्हणाला तुमचा बोर्ड खराब. दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांनी ती स्टिक नुसती हातात धरून चिप मोजल्या. आठच. म्हणजे प्रत्येक चिप ८ गिगाबिटची. चौथ्या पिढीपर्यंतच्या इंटेल प्रोसेसरांना ४ गिगाबिटपर्यंतच्याच चिप कळतात. ८ जीबीसाठी दोन्ही बाजू मिळून सोळा चिप पाहिजेत. सोळा चिपवाली लावली, १२ जीबी दिसली. पहिल्या दुकानाने स्टिक परत घेतली, पण पैसे देताना चेहरा असा की जणू आम्हीच त्यांना फसवलं.

इथे संपायला हवं होतं. पण शेठांचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे, त्याला १२ जीबी मोकळी दिसली. रविवारी येऊन त्याने लिनक्स शिकायला डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय, चालू केलं. सोमवारी एक्सपीच्या खिडकीत खाली कोपऱ्यात हिरवं कासव! हे चित्र व्हर्च्युअलबॉक्सच दाखवतं: व्हर्च्युअल मशीन चालवणारं विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही चालू झालंय, प्रोसेसरच्या सोयींचा ताबा त्याच्याकडे आहे, आता मी त्याच्यामार्फत हळू चालणार. पट्टीवर एकेक अक्षर उमटत होतं. आणि टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हीएममेम’ नावाचा नवा पाहुणा, म्हणजे डब्ल्यूएसएलने घेतलेली मेमरी. डब्ल्यूएसएलला वेगळं काही सांगितलं नाही तर ते मशीनच्या निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. त्याला चाप लावता येतो, स्वतःच्या फोल्डरात टिंबाने सुरू होणाऱ्या डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइलीत मेमरी ३ जीबी लिहायची आणि डब्ल्यूएसएल बंद करून परत उघडायचं. मुलाने ते केलंही. मेमरी आवरली, पण कासव काही जाईना.

शेवटी तोडगा असा निघाला की डब्ल्यूएसएल आणि त्याच्याबरोबर आलेला व्हर्च्युअल मशीनचा भाग विंडोजमधून काढला, आणि मुलाचं लिनक्स व्हर्च्युअलबॉक्समध्येच दुसरं मशीन म्हणून २ जीबीवर ठेवलं. ते फक्त यार्ड बंद असताना उघडायचं, असं शेठांसमोर कबूल करून घेतलंय.

आता एक्सपीला ५१२ एमबी आणि एकच प्रोसेसर आहे. डॉसचा प्रोग्रॅम नुसता बसलेला असला तरी एक अख्खा प्रोसेसर खातो, जास्त दिले तर उगाच. इंटरनेट पूर्ण तोडलंय, कारण एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४लाच संपला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यूएसबीने थेट आत दिलाय आणि आतल्या आतच शेअर करून एलपीटी-वनला, म्हणजे डॉसला कळणाऱ्या जुन्या प्रिंटर पोर्टला, जोडलाय. सकाळी लाइट जाऊन आली की प्रिंटर पुन्हा बाहेरचं विंडोज पळवतं, मग व्हर्च्युअलबॉक्सच्या डिव्हाइसेस मेनूतून त्याच्यावर परत टिक करावी लागते. तो मेनू कुठे आहे हे मी हमालांच्या मुकादमालाही दाखवून ठेवलंय.