एकाच जाळ्यातल्या दोन माद्या

मार्च महिना. उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर, मासळी उतरवायच्या धक्क्याशेजारी माझं टेबल मांडलेलं. काम रोजचंच: आलेल्या कॉड माशांमधून नमुने घ्यायचे, लांबी-वजन टिपायचं, नर की मादी पाहायचं आणि डोक्यातून कानाचे खडे काढायचे. आपल्याकडे ढोमीचं डोकं खाताना दाताखाली पांढरा खडा येतो ना, तोच. रत्नागिरीला लहानपणी आम्ही ते धुऊन डबीत जमवायचो. पुढे त्याच खड्यांवर माझं पोट चालेल असं वाटलं नव्हतं.

शेजारी दहा-बारा वर्षांची पोरं कॉडच्या जिभा कापत होती. तिथे हे काम पोरांचं आणि त्याचे पैसेही पोरांचेच. मागे उतारावर लाकडी मांडवांवर जोडी-जोडीने मासे टांगलेले. मीठ नाही, नुसता गार वारा. आपल्या बोंबलांच्या वलांड्या आठवल्याशिवाय राहत नाहीत.

एका वयस्क कोळ्याने दोन मोठ्या माद्या माझ्यापुढे ठेवल्या. एकाच जाळ्यातल्या, गाभोळीने टच्च भरलेल्या. एक ९४ सेंटिमीटर, दुसरी ९७. दोघींच्या हनुवटीला तो एकच मिशीसारखा धागा, अंगावर फिकट रेघ. "दोन्ही स्क्राय," ते म्हणाले. स्क्राय म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रात वाढणारा आणि अंडी घालायला शेकडो किलोमीटर पोहून इथे येणारा कॉड; त्या शब्दातच भटकणं आहे. वरचं गार पाणी आणि खालचं उबदार पाणी जिथे भेटतं, त्या ४ ते ६ अंशांच्या थरात हे मासे गोळा होतात. अंडी मात्र वर तरंगतात आणि प्रवाहाबरोबर पुन्हा उत्तरेकडे जातात.

पहिलीचा खडा मधोमध मोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. झाडाच्या खोडासारखी वर्षांची वलयं. सात रुंद, मग चार अगदी चिकटून. मासा वयात आला की खाल्लेलं बरंचसं गाभोळीत जातं, वाढ मंदावते, वलय बारीक पडतं. "अकरा वर्षांची आहे. चारदा येऊन गेलीय, ही पाचवी खेप," मी सांगितलं. त्यांनी टोपी मागे सरकवली आणि माशाकडे बराच वेळ पाहिलं.

दुसरीचा खडा पाहिला आणि मी थांबले. स्क्रायचं पहिलं वलय मोठं असतं आणि दुसरं त्याच्या जवळ. इथे पहिलं छोटं, जवळजवळ गोल, आणि दुसरं त्याच्यापासून चांगलंच लांब. दुसऱ्या कानाचा खडा मोडला, तेच. काही न सांगता सहकारिणीला दाखवला. तिनेही तेच म्हटलं: किनाऱ्याचा कॉड. ही मादी बॅरेंट्स समुद्रात कधी गेलीच नव्हती; इथल्याच किनाऱ्याला वाढली होती.

हा भेद १९३३ साली नॉर्वेचे मत्स्यसंशोधक रोलेफसेन यांनी मांडला आणि आम्ही आजही त्याच्यावरच उभे आहोत. भटक्या कॉडचा साठा अफाट मोठा. किनाऱ्याच्या कॉडचा त्यामानाने लहान आणि गेली कित्येक वर्षं अशक्त. पण हंगामात दोघे एकाच जाळ्यात येतात, एकाच कोट्यात, म्हणजे पकडायच्या ठरलेल्या मर्यादेत, मोजले जातात. किनाऱ्याचे किती मेले, याचा हिशोब या नखाएवढ्या खड्यांवरून लावावा लागतो. म्हणून मी घाईत वाचलेला एक खडासुद्धा मला झोपू देत नाही.

कोळी जरा वेळाने म्हणाले, "लहानपणी घरासमोर गळाला हेच लागायचे. आता नातवाला दाखवायला मिळत नाहीत." कुठल्या खाडीतली, त्यांनी विचारलं. तेवढं खड्यावरून सांगता येईना. जनुकं तपासायला माशाच्या पराचा, म्हणजे पोहायच्या पंखाचा, एक तुकडा अल्कोहोलच्या कुपीत घातला, पाकिटावर नोंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचायच्या आत त्यांनी सहा डोकी टेबलावर काढून ठेवली होती, जिभा न कापता. सहापैकी दोन किनाऱ्याची निघाली.